ॲलन पेज: वाचक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

अमेरिकन फुटबॉलमधल्या बचावपटूंवर मी जे काही लिहितो, त्यावर सर्वांत जास्त प्रश्न येतात ते ॲलन पेजबद्दल. काही अगदी प्राथमिक असतात, काही मात्र भल्याभल्यांना अडचणीत आणणारे. उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. एका उत्तरात येऊन गेलेली गोष्ट पुन्हा सांगितलेली नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ॲलन पेज म्हणजे नेमका कोण? दोन ओळींत सांगा.

जन्म ७ ऑगस्ट १९४५, ओहायो राज्यातलं कँटन शहर. १९६७ ते १९८१ अशी सलग १५ वर्षं तो एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये खेळला. आधी मिनेसोटा वायकिंग्ज, मग शिकागो बेअर्स. बचावपटू असून १९७१ साली तो अख्ख्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढे मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात त्याने साडेबावीस वर्षं न्यायदान केलं. दोन ओळींच्या चार झाल्या, पण या माणसाचं दोन ओळींत भागत नाही.

२. मला हा खेळ अजिबात कळत नाही. "डिफेन्सिव्ह टॅकल" म्हणजे काय? टॅकल तर सगळेच करतात ना?

घोळ होतो तो एकाच शब्दाच्या दोन अर्थांमुळे. टॅकल करणं म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून खाली पाडणं, आणि ते बचावातला कुणीही करतो. पण "टॅकल" हे एका जागेचंही नाव आहे.

प्रत्येक बाजूला ११ खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत १० यार्ड, म्हणजे साधारण ९ मीटर पुढे सरकायचं असतं. बचावाची पहिली फळी त्यांच्या समोरासमोर, हात जमिनीला टेकवून, नाकाला नाक लावून उभी असते. या फळीच्या टोकाला असतात ते एंड आणि मधोमध असतात ते टॅकल. टॅकलसमोर दीडशे किलोच्या घरातले एक-दोन पहिलवान असतात आणि त्यांचं काम एकच, याला पुढे येऊ न देणं. त्यांच्यातून वाट काढायची आणि चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकपर्यंत पोचायचं. ते जमलं नाही तर निदान मधली वाट तरी बंद ठेवायची.

कबड्डीत चढाईपटूचं नाव होतं आणि पकड करणारे मात्र "बचाव चांगला झाला" एवढ्या वाक्यात संपतात. तीच गत इथेही.

३. मग पेज इतरांहून वेगळं काय करत होता?

वेग. त्याच्या काळातल्या टॅकलकडून अपेक्षा असायची ती भिंतीची: जाडजूड, हलायला जड आणि जागचा न हलणारा माणूस. पेज कॉलेजात टोकाला, एंड म्हणून खेळलेला. वायकिंग्जनी त्याला मधे आणलं. म्हणजे भिंतीच्या जागी त्यांनी वेगवान माणूस उभा केला.

उंची ६ फूट ४ इंच, वजन १११ किलोंच्या आसपास. या जागेसाठी हे वजन तेव्हाही कमीच मानलं जाई. चेंडू हलला की समोरचा पहिलवान उभा राहीपर्यंत पेज त्याच्या खांद्याजवळून निसटलेला असे. जुन्या चित्रफिती पाहताना चेंडूकडे लक्ष देऊ नका, फक्त ८८ क्रमांकाकडे पाहा. बाकीचे अजून सरळ होत असतात आणि हा एकटा पलीकडे पोचलेला दिसतो.

याच वेगामुळे तो समोरच्या संघाने मारलेल्या किकही अडवायला पोचायचा. कारकिर्दीत त्याने २८ किक अडवल्या. मधल्या फळीत खेळणाऱ्या माणसाच्या नावावर हा आकडा वाचून मी पहिल्यांदा छपाईची चूक समजलो होतो.

४. "पर्पल पीपल ईटर्स" हे काय प्रकरण आहे?

वायकिंग्जच्या पहिल्या बचाव फळीचं टोपणनाव. टोकांना कार्ल एलर आणि जिम मार्शल, मधे पेज आणि गॅरी लार्सन. पुढे लार्सनच्या जागी डग सदरलँड आला. संघाचा रंग जांभळा, आणि १९५८ साली याच नावाच्या राक्षसावरचं एक विनोदी गाणं अमेरिकेत गाजलेलं. तिथून हे नाव चिकटलं. फळीचं आपलं घोषवाक्य होतं "भेटू क्वार्टरबॅकपाशी", म्हणजे चौघं चार वाटांनी निघतील आणि गाठ तिथेच पडेल.

१९६९ च्या मोसमात १४ सामन्यांत मिळून या संघावर फक्त १३३ गुण झाले, १९७१ मध्ये १३९. म्हणजे सामन्याला दहाच्याही आत. घरचं मैदान ब्लूमिंग्टनचं उघडं मेट्रोपॉलिटन स्टेडियम. डिसेंबरात तिथे हाडं गोठायची, आणि प्रशिक्षक बड ग्रँट आपल्या खेळाडूंना मैदानाकडेला शेगडीसुद्धा ठेवू देत नसत. पाहुणा संघ शेगडीभोवती गोळा झालेला आणि वायकिंग्ज थंडीत तसेच उभे. अर्धा सामना तिथेच ठरे, असं म्हणतात.

५. हॉल ऑफ फेमच्या इमारतीवर त्याने मजुरी केली होती, ही गोष्ट खरी की दंतकथा?

खरी. व्यावसायिक फुटबॉलचा हॉल ऑफ फेम, म्हणजे थोर खेळाडूंचा सन्मान करणारं संग्रहालय, कँटनमध्येच आहे. त्याचं बांधकाम १९६२ मध्ये सुरू झालं आणि सप्टेंबर १९६३ मध्ये तो उघडला. पेज तेव्हा नुकता शाळा संपवलेला मुलगा. सुट्टीत चार पैसे मिळावेत म्हणून तो त्या बांधकामावर कामाला होता. पंचवीस वर्षांनी त्याच इमारतीत त्याचा अर्धपुतळा बसला (प्रश्न १७ पाहा).

आई एका क्लबात मदतनिसाचं काम करायची. पेज तेरा वर्षांचा असताना ती गेली. वकील व्हायचं हे मात्र त्याने लहानपणीच मनाशी धरलं होतं, आणि टीव्हीवरची पेरी मेसन मालिका पाहून, असं तो स्वतःच सांगतो. वकिलांना काम कमी आणि पैसे भरपूर, शिवाय पोलाद कारखान्यात जायला नको, एवढंच तेव्हा त्याला कळलं होतं. कँटन म्हणजे पोलादाचं गाव, तिथल्या मुलाला दुसरा रस्ता दिसायलाही काहीतरी निमित्त लागतं.

६. तो मिनेसोटात कसा पोचला?

नोत्र दाम विद्यापीठातून. १९६६ साली त्याचा संघ राष्ट्रीय विजेता ठरला. त्या मोसमातला मिशिगन स्टेटविरुद्धचा १९ नोव्हेंबरचा सामना १०-१० असा बरोबरीत सुटला. त्याच्यावरचे वाद आजही मिटलेले नाहीत.

१९६७ च्या खेळाडू निवडीत वायकिंग्जकडे पहिल्या फेरीतल्या तीन जागा होत्या. पहिल्या दोन त्यांनी मिशिगन स्टेटच्याच क्लिंट जोन्स आणि जीन वॉशिंग्टन यांच्यावर खर्च केल्या. तिसऱ्या जागेवर, एकूण पंधराव्या क्रमांकावर, पेज. काही महिन्यांपूर्वी ज्यांना अडवत होता तेच आता सहकारी. त्याच वर्षी बड ग्रँट प्रशिक्षक म्हणून आले, म्हणजे दोघांची सुरुवात एकत्रच झाली. शेवट कसा झाला ते प्रश्न ११ मध्ये.

७. १९७१ च्या पुरस्काराचं एवढं कौतुक का? सर्वोत्तम खेळाडू तर दरवर्षी कुणीतरी होतोच.

होतो, पण तो जवळपास नेहमी क्वार्टरबॅक असतो, फार तर चेंडू घेऊन पळणारा. असोसिएटेड प्रेस (एपी) ही वृत्तसंस्था पत्रकारांच्या मतांवरून हा एमव्हीपी पुरस्कार देते. १९७१ मध्ये तो पेजला मिळाला आणि बचावपटूला तो मिळण्याची ही पहिलीच वेळ मानली जाते. नंतर १९८६ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सच्या लॉरेन्स टेलरला मिळाला. बस. त्यानंतर एकाही बचावपटूला नाही. २०१४ मध्ये जे. जे. वॉट दुसऱ्या क्रमांकापर्यंत आला, पण बाजी ॲरन रॉजर्सने मारली, आणि तो अर्थातच क्वार्टरबॅक. १९८२ मध्ये हाच पुरस्कार एका किक मारणाऱ्याला, मार्क मोझलीला मिळाला होता. बचावपटूंच्या वाट्याला पहिल्या अर्धशतकात दोन आणि किकरच्या वाट्याला एक, यावरून मतदारांची नजर कुठे असते ते कळतं.

सर्वोत्तम बचावपटूचा वेगळा पुरस्कारही एपीने त्याच वर्षी सुरू केला आणि त्याचाही पहिला मानकरी पेजच.

त्या मोसमातला डिसेंबरमधला डेट्रॉइट लायन्सविरुद्धचा सामना आवर्जून पाहण्यासारखा आहे. पंचांनी पेजवर लागोपाठ दोनदा दंड ठोकला. त्याला दोन्ही निर्णय पटले नाहीत. पुढची काही मिनिटं समोरच्या संघाला खेळताच येईना, प्रत्येक चालीत हाच आडवा. रागाने खेळणारे खेळाडू पुष्कळ असतात आणि बहुतेक वेळा ते चुका करतात. इथे राग आणि अचूकपणा एकाच माणसात दिसतो.

८. त्याच्या नावावर सॅक नेमके किती? एका ठिकाणी १७३ वाचले, दुसरीकडे १४८.५, तिसरीकडे शून्य!

क्वार्टरबॅकच्या हातात चेंडू असतानाच त्याला मागच्या मागे आडवा पाडणं म्हणजे सॅक. दोघांनी मिळून पाडलं तर प्रत्येकाला अर्धा, म्हणून आकड्यात ".५" येतं. हा शब्द रूढ करण्याचं श्रेय लॉस एंजेलिस रॅम्सच्या डीकन जोन्सला देतात.

शून्य येतं कारण लीगने सॅकची अधिकृत मोजणी सुरू केली १९८२ मध्ये, आणि पेज निवृत्त झाला १९८१ च्या मोसमानंतर. अधिकृत कागदावर त्याने कधी क्वार्टरबॅकला हातच लावला नाही! १७३ हा जुन्या लेखांतून फिरणारा आकडा. १४८.५ हा नंतर संशोधकांनी जुन्या सामन्यांच्या नोंदी तपासून काढलेला: वायकिंग्जकडून १०८.५ आणि बेअर्सकडून ४०. मी तोच वापरतो. मात्र तोही अनधिकृतच, आणि कुणी "विक्रम" म्हणून सांगितला तर मान डोलावू नका.

ज्या आकड्याबद्दल वाद नाही तो वेगळाच आहे: नियमित मोसमाचे २१८ सामने, सलग, एकही न चुकवता. ज्या जागेवर दर चालीला दोन माणसं अंगावर येतात तिथे पंधरा वर्षं.

९. एवढा मोठा खेळाडू, मग सुपर बोल किती जिंकला?

एकही नाही. सुपर बोल म्हणजे मोसमाचा अंतिम सामना. असे चार खेळला, चारही हरला. जानेवारी १९७० मध्ये कॅन्सस सिटीकडून २३-७, १९७४ मध्ये मायामीकडून २४-७, १९७५ मध्ये पिट्सबर्गकडून १६-६ आणि १९७७ मध्ये ओकलंडकडून ३२-१४.

हा प्रश्न बहुधा टोमण्याच्या सुरात येतो, म्हणून थोडं सविस्तर. पेजची ताकद होती क्वार्टरबॅकवर झडप घालण्यात. मायामीने काय केलं? क्वार्टरबॅक बॉब ग्रीसीने अख्ख्या सामन्यात फक्त सात वेळा चेंडू फेकला. बाकी सगळा वेळ लॅरी झोंका नावाचा धिप्पाड गडी चेंडू छातीशी घेऊन मधोमध घुसत राहिला, आणि त्याने १४५ यार्ड काढले. पुढच्या वर्षी पिट्सबर्गच्या फ्रँको हॅरिसने तेच केलं, १५८ यार्ड. जो माणूस वेगाने पलीकडे पोचतो त्याच्या मागे मोकळी जागा उरते, आणि हुशार प्रशिक्षक तिथूनच वाट काढतात. वायकिंग्जची फळी हलकी होती ही तिची ताकदही आणि उणीवही.

पण सगळा दोष बचावावर टाकणंही बरोबर नाही. १९७५ च्या त्या सामन्यात मध्यंतराला पिट्सबर्गकडे फक्त दोन गुण होते, वायकिंग्जकडे शून्य. वायकिंग्जचा आक्रमक विभाग धावून अख्ख्या सामन्यात १७ यार्ड पुढे गेला. सतरा! त्यांचे सहा गुणही अडवलेल्या किकवर आले.

एक पुस्ती: १९६९ चं एनएफएल विजेतेपद वायकिंग्जनी क्लीव्हलँडला २७-७ असं हरवून जिंकलं होतं. तेव्हा एनएफएल आणि एएफएल अशा दोन लीग वेगळ्या होत्या आणि सुपर बोल त्या दोघींच्या विजेत्यांमध्ये व्हायचा. म्हणून "पेज कधीच विजेता नव्हता" हे वाक्य काटेकोरपणे चुकीचं आहे.

१०. बचाव फळीतल्या खेळाडूंना ६० ते ७९ क्रमांक असायचे ना? मग पेजचा ८८ कसा?

बरोबर पकडलंत. १९७३ मध्ये लीगने जागेनुसार क्रमांक ठरवून दिले, त्यात ८० ते ८९ हे चेंडू झेलणाऱ्यांसाठी गेले. पण आधीपासून खेळत असलेल्यांना जुना क्रमांक ठेवायची मुभा होती. पेजने ८८ ठेवला, एलरने ८१. शिकागोत गेल्यावर पेजने ८२ घातला. वायकिंग्जनी ८८ क्रमांक १९८८ मध्ये कायमचा निवृत्त केला.

११. वायकिंग्जनी त्याला काढून टाकलं हे खरं आहे का? आणि १०० डॉलरची गोष्ट?

दोन्ही खरं. ऑक्टोबर १९७८ मध्ये, मोसम सुरू असताना, वायकिंग्जनी त्याला सोडून दिलं. सोडलेल्या खेळाडूला दुसरा संघ ठरावीक शुल्क भरून उचलू शकत असे, आणि ते शुल्क होतं १०० डॉलर. शिकागो बेअर्सनी ते भरलं. सात वर्षांपूर्वी लीगचा सर्वोत्तम ठरलेला माणूस शंभर डॉलरांत.

संघाचं म्हणणं होतं की त्याचं वजन फार उतरलंय, आता तो पूर्वीसारखा उपयोगाचा राहिला नाही. वजन उतरलं होतं हे खरंच, साधारण १०२ किलोंपर्यंत, आणि त्याचं कारण प्रश्न १२ मध्ये आहे. पण तेवढंच होतं असं मला वाटत नाही. पेज खेळाडूंच्या संघटनेचा प्रतिनिधी होता. १९७४ च्या संपाच्या काळात तो तिच्या कार्यकारिणीत होता. सोयीचा नसला तरी प्रश्न विचारायचा. शिवाय फुटबॉल हे आपलं काम आहे, आपलं आयुष्य नाही, हे तो उघड बोलून दाखवायचा. ड्रेसिंग रूममध्ये असा माणूस कुठल्याही संघाला जड जातो. त्याचा खेळ थोडा खाली येईपर्यंत संघाने सहन केलं, असं मला वाटतं. हे माझं मत, कागदोपत्री पुरावा म्हणून घेऊ नका.

शिकागोत बचावाची सूत्रं बडी रायन यांच्याकडे होती. आधीची दोन वर्षं ते वायकिंग्जच्याच बचाव फळीचे प्रशिक्षक होते, त्यामुळे काय हाती लागतंय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तिथे पेज आणखी ५८ सामने खेळला. शंभर डॉलरांत ४० सॅक, हिशेब तुम्हीच करा.

१२. फुटबॉलपटू आणि मॅरेथॉन? हे जुळतं कसं?

पत्नी डायन सिगारेट सोडायच्या प्रयत्नात होती, त्यासाठी ती पळायला लागली. सोबत म्हणून हाही. तिच्यापेक्षा यालाच नाद जास्त लागला. १९७९ मध्ये त्याने मॅरेथॉन पूर्ण केली, आणि खेळत असताना ४२ किलोमीटर धावणारा तो एनएफएलचा पहिला खेळाडू. निवृत्तीनंतर, १९८७ मध्ये, डुलुथला १०० किलोमीटरची शर्यतही धावला.

१३. खेळता खेळता वकिलीचं शिक्षण? की मानद पदवी?

मानद नाही, रीतसर परीक्षा देऊन मिळवलेली. पहिला प्रयत्न फसला होता: कारकिर्दीच्या सुरुवातीला त्याने एका लॉ कॉलेजात नाव घातलं आणि तीन आठवड्यांत सोडून दिलं. १९७५ मध्ये पुन्हा उमेद धरून मिनेसोटा विद्यापीठात गेला आणि १९७८ मध्ये पदवी घेतली. म्हणजे १९७७ चा सुपर बोल खेळणारा हा माणूस तेव्हा कायद्याचा विद्यार्थी होता. १९७९ पासून मिनिआपोलिसच्या एका वकिली फर्ममध्ये काम सुरू, रविवारी सामना. पुढे १९८५ पासून मिनेसोटाच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयात.

१४. तुम्ही मध्येच "पेज खेळला" लिहिता आणि मध्येच "पेज म्हणाले". एकदा काय ते ठरवा.

ही तक्रार पुण्याहून सर्वांत जास्त येते, आणि रास्त आहे. मराठीत खेळाडू "तो" असतो. गावसकरने शतक मारलं असंच आपण म्हणतो, त्यात आदर कमी नसतो, उलट जिव्हाळा असतो. न्यायमूर्ती मात्र "ते"च. पेजच्या बाबतीत या दोन गोष्टी एकाच माणसात येतात, तेव्हा मी हेल्मेट हा निकष धरलाय. १९८१ पर्यंत "तो", हेल्मेट काढल्यावर "ते". इथून पुढच्या उत्तरांत तसंच वाचायला मिळेल.

१५. ते अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात होते का?

नाही. मिनेसोटा राज्याच्या. अमेरिकेत प्रत्येक राज्याचं स्वतःचं सर्वोच्च न्यायालय असतं, आपल्याकडच्या उच्च न्यायालयाशी ढोबळमानाने तुलना करता येईल. वॉशिंग्टनमधलं देशाचं सर्वोच्च न्यायालय वेगळं.

गोंधळ होण्याचं कारण म्हणजे तिथेही एक फुटबॉलपटू होता. बायरन व्हाइट यांनी १९३८ आणि १९४० मध्ये धावून सर्वाधिक यार्ड काढले होते आणि १९६२ ते १९९३ ते देशाच्या सर्वोच्च न्यायालयात होते. गंमत म्हणजे व्हाइट निवृत्त झाले त्याच वर्षी, जानेवारी १९९३ मध्ये, पेज मिनेसोटात रुजू झाले. त्या न्यायालयातले ते पहिले आफ्रिकन अमेरिकन न्यायमूर्ती. १९९८, २००४ आणि २०१० मध्ये ते पुन्हा निवडून आले. मिनेसोटात सत्तराव्या वर्षी न्यायमूर्तींना निवृत्त व्हावंच लागतं, म्हणून ऑगस्ट २०१५ मध्ये ते पायउतार झाले.

१६. न्यायमूर्ती निवडून येतात? आणि निवडणूक लढवण्यासाठी त्यांना आधी खटला लढवावा लागला, ते काय?

मिनेसोटात कागदावर न्यायमूर्ती मतदार निवडतात. प्रत्यक्षात बहुतेक न्यायमूर्ती मुदत संपायच्या आधीच निवृत्त होतात, राज्यपाल रिकाम्या जागी आपला माणूस नेमतात, आणि पुढच्या निवडणुकीत तो "विद्यमान न्यायमूर्ती" म्हणून सहज निवडून येतो. मोकळी जागा मतदारांपुढे क्वचितच येते.

१९९२ मध्ये पेज ज्या जागेवर डोळा ठेवून होते, तिथल्या न्यायमूर्तींची मुदत राज्यपालांनी वाढवली. म्हणजे त्या जागेची निवडणूकच रद्द. पेज न्यायालयात गेले, तेही त्याच सर्वोच्च न्यायालयात. स्वतःच्या सहकाऱ्याचं प्रकरण म्हणून तिथले न्यायमूर्ती बाजूला झाले आणि बदली न्यायाधीशांनी निकाल दिला: निवडणूक व्हायला हवी. ती झाली आणि पेज जिंकले. लोक म्हणतात, फुटबॉलच्या नावावर निवडून आले. नावाचा उपयोग झाला असणारच. पण मतपत्रिकेवर नाव यायला जो खटला लागला तो फुटबॉलने जिंकून दिला नाही.

त्यांच्या काळात गाजलेलं प्रकरण म्हणजे २००८ ची सिनेटची निवडणूक. नॉर्म कोलमन आणि अल फ्रँकन यांच्यात अंतर फक्त ३१२ मतांचं. दोन न्यायमूर्ती बाजूला झाल्यावर ज्येष्ठ म्हणून पेज पीठासीन होते. ३० जून २००९ रोजी पाच विरुद्ध शून्य असा एकमताचा निकाल फ्रँकन यांच्या बाजूने लागला.

१७. हॉल ऑफ फेममध्ये पहिल्याच वर्षी का घेतलं नाही?

निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबावं लागतं, त्या हिशेबाने ते १९८७ मध्ये पात्र होते. त्या वर्षी त्यांच्याच जागेवर खेळलेला पिट्सबर्गचा जो ग्रीन आत गेला, ज्याच्याकडे चार सुपर बोल होते. पेज यांना आणखी एक वर्ष थांबावं लागलं. सुपर बोल जिंकणाऱ्यांना मिळणाऱ्या अंगठ्या मोजायची सवय मतदारांनाही असते.

१९८८ च्या समारंभात मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिली ती दुसरीच गोष्ट. आपली ओळख करून द्यायला खेळाडू सहसा जुन्या प्रशिक्षकाला बोलावतो. पेज यांनी मिनिआपोलिसच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकांना बोलावलं. आणि स्वतःच्या भाषणात सामन्यांच्या आठवणी बाजूला ठेवून ते मुलांच्या शिक्षणावर बोलले, खेळाडूंना पदवी मिळते पण वाचता येत नाही यावर बोलले. फुटबॉलच्या सर्वांत मोठ्या सोहळ्यात हे ऐकायला कुणी आलं नव्हतं.

१८. पेज एज्युकेशन फाउंडेशन काय करतं? शिष्यवृत्त्या तर खूपजण देतात.

१९८८ मध्येच डायन आणि त्यांनी मिळून ते सुरू केलं. मिनेसोटातल्या गौरेतर विद्यार्थ्यांना पुढच्या शिक्षणासाठी पैसे मिळतात. पण एक अट आहे: घेणाऱ्याने वर्षाला किमान ५० तास लहान शाळकरी मुलांसोबत घालवायचे, अभ्यासात मदत करायची. आजवर हजारो विद्यार्थ्यांनी ती पाळली. तिसरीतल्या मुलाला न्यायमूर्ती किंवा फुटबॉलपटू आपल्यासारखा वाटत नाही, कॉलेजात जाणारा शेजारचा दादा वाटतो. अटीमागे हा विचार आहे.

१९. शाळेसाठी राज्यघटना बदलायची मागणी त्यांनीच केली ना?

हो, २०२० मध्ये, मिनिआपोलिस फेडरल रिझर्व्ह बँकेचे अध्यक्ष नील कश्कारी यांच्यासोबत. दर्जेदार सार्वजनिक शिक्षण हा प्रत्येक मुलाचा मूलभूत हक्क असं राज्याच्या घटनेत लिहावं, असा प्रस्ताव. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या गुणांमधली दरी मिनेसोटात मोठी आहे, तिच्यावरचा हा उपाय. शिक्षकांच्या संघटनेने विरोध केला, खटल्यांचा पूर येईल आणि खासगी शाळांचं फावेल अशी भीती त्यांना होती. कश्कारी हे आडनाव पाहून अनेकजण विचारतात, तर हो, त्यांचं कुटुंब मूळचं काश्मीरचं.

२०. पेज, लॉरेन्स टेलर की ॲरन डोनाल्ड? सर्वांत श्रेष्ठ कोण?

टेलर बाजूला ठेवा, तो लाइनबॅकर, म्हणजे त्याची जागाच वेगळी. खरी तुलना डोनाल्डशी. तोही मधल्या जागेवर, तोही त्याच्या काळाच्या मानाने लहानखुरा (१२७ किलोंना लहानखुरा म्हणावं लागतं, काय करणार), आणि त्याचंही हत्यार पहिल्या पावलाचा वेग. २०२४ मध्ये निवृत्त होईपर्यंत तीनदा सर्वोत्तम बचावपटू, १११ अधिकृत सॅक, एक सुपर बोल.

पेजच्या काळात संघ चेंडू कमी फेकत, त्यामुळे क्वार्टरबॅकवर झडप घालायची संधीच कमी. दुसरीकडे तेव्हाचे समोरचे पहिलवान आजच्याइतके अवाढव्य नव्हते. मला विचाराल तर एका मोसमासाठी १९७१ चा पेज, दहा वर्षांसाठी डोनाल्ड. उद्या मत बदलेलही.

२१. त्यांच्या करंगळीला काय झालंय?

मैदानावर ती इतक्यांदा निखळली की आता हाताला काटकोन करून बाहेर उभी असते. शाळांमध्ये मुलं सर्वांत आधी तीच विचारतात. शेवटी त्यांनी मुलीसोबत त्या करंगळीवर लहान मुलांसाठी एक पुस्तकच लिहिलं, २०१३ मध्ये. पुढेही दोघांनी मुलांसाठी लिहिलं आहे.

२२. सध्या ते काय करतात?

२०१७ मध्ये मिनिआपोलिसच्या एका माध्यमिक शाळेला त्यांचं नाव दिलं गेलं. ते नाव विद्यार्थ्यांनीच उचलून धरलं होतं. २०१८ मध्ये सुपर बोल मिनिआपोलिसला झाला, तेव्हा शहराच्या ग्रंथालयात पेज दांपत्याच्या संग्रहाचं प्रदर्शन भरलं: गुलामगिरी आणि वंशभेदाच्या काळातल्या वस्तू आणि त्यांच्याच शेजारी कृष्णवर्णीय कलाकारांच्या कलाकृती. त्याच वर्षी डायन गेल्या.

त्याच वर्षी नोव्हेंबरात पेज यांना राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम मिळालं. त्या दिवशी मंचावर डॅलसचा माजी क्वार्टरबॅक रॉजर स्टॉबाकही होता. डिसेंबर १९७५ मध्ये याच स्टॉबाकने शेवटच्या क्षणी देवाचं नाव घेऊन चेंडू लांब भिरकावला आणि वायकिंग्जना १७-१४ असं घरच्या मैदानात हरवलं. तसल्या फेकीला "हेल मेरी" म्हणायची पद्धत तिथून रूढ झाली. त्रेचाळीस वर्षांनी दोघं शेजारी, दोघांच्या गळ्यात तेच पदक.

आणि दर ऑक्टोबरातल्या ट्विन सिटीज मॅरेथॉनच्या दिवशी त्यांची एक खास जागा ठरलेली. शर्यत त्यांच्या घराजवळून जाते. रस्त्याच्या कडेला, अंगाभोवती गुंडाळलेला सूझाफोन घेऊन, आपल्या बँडमधल्या त्या अवाढव्य पितळी भोंग्यासारखं वाद्य, ते उभे राहतात आणि धावणाऱ्यांसाठी वाजवत राहतात. वाद्य फार चांगलं वाजवतात असं कुणी म्हणत नाही. ते स्वतःही नाही.